शेंदूर लावलेली दांडी

या, असे जवळ येऊन बसा. चपला राहू द्या तिथेच, कोणी नेत नाही. आणि लांब खांबाला टेकू नका. तिथे बसून अर्धंच ऐकू येतं, आणि अर्धं ऐकलेलं किती महाग पडतं ते मला विचारा. एक गोष्ट सांगतो. काळाचौकीतल्या आमच्या चाळीची, एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरची आणि माझ्या अब्रूची. तिघांपैकी चाळ अजून उभी आहे.

मी अनंत कोयंडे. बत्तीस वर्षं एका बँकेच्या रेकॉर्ड विभागात धूळ झटकून निवृत्त झालो. व्यसन एकच, कीर्तन. दादरपासून गिरगावपर्यंत कुठेही झांज वाजली की मी पहिल्या रांगेत. नऊ प्रकारच्या भक्तींत श्रवण पहिली सांगितली आहे. मी त्या पहिल्या पायरीवर जो बसलो तो पुढे चढायचं नावच घेतलं नाही. "कोयंडे समोर असले की सांगायला हुरूप येतो, हा माणूस ऐकतो," असं दोन-तीन बुवांनी जाहीरपणे म्हटलेलं आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते माझ्याच डोक्यात पडणार आहे.

आता राधाबाई. गिरगावात खोताच्या वाडीच्या अलीकडे राहतात, वय ब्याऐंशी. त्यांचे वडील गिरणीची पाळी सुटली की फाटकाबाहेर कीर्तन करायचे, मातीत उभे राहून. तेव्हापासून बाईंचा नेम आहे: व्यासपीठ नाही, चौरंग नाही. श्रोते ज्या मातीवर बसले त्याच मातीवर आपले पाय. आणि पाय म्हणजे एका जागी खिळलेले नव्हेत. चार पावलं पुढे येतात, चार मागे जातात, गिरकी घेतात, आणि रामजन्माला तर या वयातही अशा उडतात की तबलजी ठेका विसरतो.

गेल्या वर्षीच्या रामनवमीला आमच्या चाळीच्या मैदानात बाई पडल्या. विसर्जनाच्या गाड्यांनी पाडलेली एक चाकोरी होती, वीतभर खोल. ती दिसू नये म्हणून तिच्यावर सतरंजी अंथरली होती. कोणी अंथरली होती ते विचारू नका. बरं, विचारलंच आहेत तर, मी. बाई तीन महिने अंथरुणात होत्या.

यंदा मी नारळ घेऊन आमंत्रणाला गेलो तेव्हा त्या खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अनंता, डॉक्टर म्हणतात, आता पडलीस तर उठणं नाही. एकच कीर्तन उरलंय माझ्यात. ते तुमच्याच मैदानात करावं असं मनात आहे, पडले तिथेच उभं राहून. जमीन सपाट देशील का रे? देत असशील तर येते. नसेल जमत तर तसं सांग, मी इथेच बसून नाम घेईन. राग नाही हो."

राग नाही म्हणाल्या तिथेच मी मेलो. म्हटलं, "बाई, ताटासारखी जमीन करून देतो."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा लक्ष्मी, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, भाजी निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "चार माणसां, चार फावडी आणि एक सकाळ. झाला काम." रागावली की ती मालवणीत जाते आणि मालवणीत ती बहुधा बरोबर असते. पण तुम्हीच सांगा, शंभर पावलं लांब आणि चाळीस पावलं रुंद मैदान, त्यातला मुरूम वर्षानुवर्षं गाड्यांनी दाबून दगड झालेला, आणि समोर सप्ताह समिती. समिती कधी फावडं उचलते का? समिती बैठक घेते.

बैठकीत सूचना आल्या. एकाने पेव्हर ब्लॉक सुचवले. त्याच्या मेहुण्याचा पेव्हर ब्लॉकचा धंदा आहे. दुसऱ्याने हिरवी कृत्रिम हिरवळ सुचवली. तिसरा म्हणाला, "बाईंनाच समजवा ना, स्टेजवर उभं राहायला काय होतं?" त्याच्याकडे मी अशा नजरेने पाहिलं की तो चहा प्यायला निघून गेला तो परत आला नाही. शेवटी निलेश उठला. निलेश शाळेची बस चालवतो, आणि वर्षातून एकदा, विसर्जनाला, आपल्या मंडळाचा ट्रॅक्टर चालवतो.

"काका, आपला ट्रॅक्टर आहे ना. वर्षभर झोपून असतो. त्याच्या मागे ते पातं लावू, दोन राऊंड मारू, खल्लास."

ट्रॅक्टरची ओळख करून देतो. हा शेतातला नव्हे, गिरणीतला. कापसाच्या गासड्या ओढायला आणि आवार नीट ठेवायला गिरणीने घेतलेला. गिरणी बंद पडली तेव्हा भंगारात निघाला होता, आमच्या मंडळाने मूर्तीची गाडी ओढायला आणला. त्याच्याबरोबर चालवणारासुद्धा आला, शिवा राऊळ. गिरणीत तोच चालवायचा, मंडळातही तोच चालवायला लागला. शिवा पाच वर्षांपूर्वी वारला. त्याची बायको गंगुबाई तळमजल्यावर मैदानाकडे तोंड असलेल्या खोलीत राहते, दारात बसून पापड लाटते आणि फार बोलत नाही. ट्रॅक्टरबरोबर सहा फुटी लोखंडी पातंही आलं होतं. ते मंडळाच्या शेडमागे वीस वर्षं बाकडं म्हणून वापरात होतं. त्याच्यावर बसून आम्ही निवडणुकांचे निकाल लावले आहेत.

आता परवानगी. कार्यालयाचं नाव घेत नाही, मला अजून तिथे जायचं आहे. टेबलापलीकडच्या बाईंनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"ट्रॅक्टर? म्हणजे शेतीचं वाहन. मैदानात शेती करणार?"

"नाही हो बाई, सपाटीकरण."

"सपाटीकरण म्हणजे मशागतच ना? मशागत कशासाठी करतात?"

शेवटी मी शंभराच्या नव्हे, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र लिहून दिलं की सदर मैदानात मी खरीप, रब्बी अथवा उन्हाळी कोणतंही पीक घेणार नाही. खाली सही, अनंत कोयंडे, निवृत्त. बाईंनी शिक्का मारला आणि सांगितलं, "बुधवार, गुरुवार. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. तीन इंचांच्या आत. तीन इंचांच्या खाली गेलात की ते खोदकाम. खोदकामाची खिडकी वेगळी, मजला वेगळा." रामनवमी शुक्रवारी. म्हणजे दोन दिवस हातात होते. दोन दिवसांत देवाने काय काय केलं असेल, आम्हाला एक मैदान करायचं होतं.

बुधवारी सकाळी नारळ फुटला. टँकर मागवून माती आदल्या संध्याकाळीच भिजवली होती. सगळी चाळ गॅलऱ्यांत उभी. निलेश गॉगल लावून ट्रॅक्टरवर चढला. पातं मागच्या दोन लोखंडी हातांना पिना मारून अडकवलं. हे हात हायड्रॉलिकवर वर-खाली होतात. ते करायच्या दोन दांड्या बसण्याच्या जागेच्या उजव्या बाजूला, एक आत, एक बाहेर, एका अर्धगोल पट्टीवर.

"कुठली कशाची रे?" मी विचारलं.

"एक वर करायची असेल, एक खाली करायची. कॉमन सेन्स आहे काका." पाच वर्षांत त्याने त्या दांड्यांना हातच लावला नव्हता, मूर्ती ओढायला त्यांचं काम पडत नाही.

आता त्या दांड्या कशा दिसत होत्या ते सांगितलं पाहिजे. त्या दांड्या दिसत नव्हत्या. दर खंडेनवमीला आम्ही ट्रॅक्टरची पूजा करतो आणि तेलात खललेला शेंदूर लावतो. स्टिअरिंगला बोट, रेडिएटरला बोट, पण दांड्यांना आणि त्यांच्याखालच्या पट्टीला मात्र भरभरून, कारण सेवा करणाऱ्याचा असा समज होता की यंत्राचा प्राण तिथे आहे. अठरा वर्षं, अठरा थर. आतली दांडी तर मारुतीच्या गदेसारखी जाड झाली होती. सेवा करणारा कोण हेही विचारू नका.

निलेशने आतली दांडी ओढली. तट् असा काहीतरी तुटल्याचा आवाज झाला, शेंदराचा एक पापुद्रा खाली पडला, आणि पातं धप्पकन जमिनीवर आलं. दांडी उलट ढकलली, पातं वर. निलेशने दोन्ही हात पसरले. "बघा! एकातच दोन्ही कामं. दुसरीला हात पण नाय लावायचा."

त्याच वेळी गंगुबाई दारातून म्हणाली, "भावजी, ती आतली दांडी..."

मी त्या क्षणी हात जोडून मनात श्रीरामाला हाक मारत होतो. वळून म्हटलं, "वहिनी, मागाहून."

गंगुबाईने पुढचा पापड घेतला.

पहिली फेरी मारून निलेश वळला तेव्हा मैदानावर जे दिसलं ते पाहून गॅलरीतले लोक कठड्यावरून वाकले. मागे सपाट पट्टा नव्हता. लाटा होत्या. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली, भाऊच्या धक्क्यावर भरतीच्या वेळी दिसाव्यात तशा. उंचवटा आला की पातं त्याला मान देऊन आपणच वर उठायचं, आणि खड्डा आला की त्यात आवडीने उतरून तो आणखी खोल करायचं. जिथे कापायचं तिथे कापायचं नाही आणि जिथे कापायचं नाही तिथे मन लावून कापायचं. आमच्या बँकेत अशी माणसं होती, ती सगळी बढती घेऊन गेली.

"पहिल्या राऊंडला असंच होतं," निलेश म्हणाला. "दुसरीत बसतं."

दुसऱ्या फेरीत लाटांवर लाटा आल्या. पुढची चाकं लाटेवर चढली की मागचं पातं जमिनीत घुसायचं, पातं घुसलं की जोर लागून ते आपणच उचलायचं. तिसऱ्या फेरीत निलेशने गॉगल काढला. चौथ्या फेरीनंतर गेल्या वर्षीची ती चाकोरी, जिच्यात बाई पडल्या होत्या, ती शोधूनही सापडेना, कारण आता तशा साठ झाल्या होत्या.

दुपारी धम्मपाल खाली आला. धम्मपाल दुसऱ्या मजल्यावर राहतो, मोठमोठ्या टॉवरांच्या लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने पात्याखाली वाकून पाहिलं.

"अण्णा, तेलाचा दाब आहे ना, तो फक्त उचलतो. खाली दाबत नाही. पातं खाली जातं ते स्वतःच्या वजनाने. तुमचं पातं हलकं पडतंय."

"मग?"

"वजन द्या."

पात्यावर वाळूची सहा पोती ठेवली. लाटा थोड्या खोल झाल्या. मग समितीचे सदस्य चढवले. पण समितीत ते टिकतात तसे पात्यावर टिकेनात, पहिल्या हिसक्याला राजीनामा देऊन उतरले. शेवटी सर्वांनी माझ्याकडे पाहिलं. ब्याण्णव किलो. मी म्हटलं, राधाबाईंसाठी करायचं आहे, लाज कसली. धोतराचा काचा मारला, ट्रॅक्टरच्या मडगार्डला धरलं आणि पात्यावर उभा राहिलो.

पहिली दहा पावलं मी रथातल्या अर्जुनासारखा गेलो. मग खाली एक दगड लागला. पात्याला जोर लागला, ते आपणच वर उठलं, आणि माझ्यासह उठलं. थोडा वेळ मी जमिनीपासून अडीच फूट वर, सहा पोती वाळूसोबत, संपूर्ण चाळीला सारख्याच अंतरावरून दर्शन देत होतो. मग दगड संपला. पातं खाली आलं. मी जरा मागाहून आलो, आणि पात्यावर नाही.

मी चिखलातून मान वर केली तेव्हा पहिला आवाज लक्ष्मीचा आला, तिसऱ्या मजल्यावरून. "चार फावडी म्हटलंय मी!" दुसरा आवाज मोबाईलचा. रात्रीपर्यंत माझं ते उड्डाण अँटॉप हिलच्या माझ्या साडूपर्यंत पोचलं होतं. त्याने फक्त एकच विचारलं, "पीक काय घेतलंत?" हमीपत्राची बातमीही पोचली होती.

गुरुवारी सकाळी गिरगावहून फोन आला. बाई स्वतः.

"अनंता, काठी तेल लावून ठेवलीय. नवी चिपळी मागवलीय, जुनीचा आवाज बसला. जमीन झाली ना रे?"

मी खिडकीतून खाली पाहिलं. दोन मुलं लाटांवरून सायकली उडवत होती.

"होतेय बाई."

फोन ठेवला आणि मी देवापुढे बसलो. डोळे मिटले तरी लाटाच दिसत होत्या. बाईंना खरं सांगावं का? सांगितलं तर त्या खुर्चीत बसून नाम घेतील आणि तेच शेवटचं राहील. न सांगावं तर त्या येतील, आणि पडतील. दुसऱ्यांदा, माझ्याच जमिनीवर. आयुष्यभर कीर्तनांतून ऐकत आलो की देव भक्ताला संकटात सोडत नाही. पण त्यातल्या कुठल्याच भक्ताने स्वतःच्या हाताने साठ चाकोऱ्या पाडलेल्या नव्हत्या.

दुपारी धम्मपाल पुन्हा आला. त्याने या वेळी पात्याकडे पाहिलंच नाही, दांड्यांकडे पाहिलं. बराच वेळ.

"दोन दांड्या आहेत म्हणजे दोन वेगळी कामं आहेत. बनवणाऱ्याने पट्टीवर खुणा दिलेल्या असणारच. पण कोणी गाढवाने त्याच्यावर रंग थापलाय."

"रंग नाही, शेंदूर आहे तो," मी म्हटलं.

"तेच. कुठल्या गाढवाने?"

सर्वांनी आकाशाकडे पाहिलं.

शेंदूर खरवडायचा म्हणजे काय, सांगा. अठरा वर्षांची सेवा. मी वर जाऊन लक्ष्मीकडे उलथनं मागितलं. तिने कारण विचारलं नाही. माझा चेहरा पाहून चांगल्यातलं उलथनं दिलं. मी देवाची क्षमा मागितली, ट्रॅक्टरवर चढलो आणि खरवडायला लागलो. थर कडक झाले होते, कवचासारखे निघत होते. प्रत्येक थर म्हणजे एक खंडेनवमी. मी ते परातीत गोळा करत होतो, समुद्रात सोडायला.

पट्टी उघडी पडली. धम्मपालने रॉकेलच्या बोळ्याने पुसली. खाली गंज होता. खुणा नव्हत्या. कधी काळी असतील, आता बोटांना नुसती खरखर लागत होती. अठरा वर्षं मी एका कोऱ्या पट्टीची पूजा केली होती.

तुम्हाला खोटं सांगत नाही, मी तिथेच, ट्रॅक्टरच्या त्या लोखंडी आसनावर, रडलो. साडेचार वाजले होते. निलेश म्हणाला, "काका, बाईंना फोन करू का मी?" आणि तो खरंच चांगल्या मनाने म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

करायला काही उरलं नव्हतं म्हणून आतल्या दांडीवरचा शेवटचा थर काढला. आत कापड निघालं. चिंधी होती, घट्ट गाठ मारलेली, दांडीच्या वरच्या भागात. तिचं दुसरं टोक तुटून लोंबत होतं, आणि तुटलेला तेवढाच तुकडा पट्टीच्या वरच्या टोकामागे, न खरवडलेल्या बोल्टला बांधलेला सापडला. म्हणजे ही दांडी वर ओढून कोणीतरी बांधून ठेवली होती. बुधवारी तट् झालं ते हेच. पहिल्या वर्षी मी तिला गंडा समजून शेंदूर फासला असणार, आणि पुढे विसरलो. रॉकेल लागलं तसा चिंधीचा रंग दिसू लागला. हिरवा, आणि कडेला बारीक पिवळी चौकड.

"माझ्या साडीची किनार ती," गंगुबाई म्हणाली. ती कधी येऊन चाकापाशी उभी राहिली होती कळलंच नाही. हात पिठाने पांढरे होते. "नवी साडी होती, भावजी. दिवाळीची. हे म्हणाले, मजबूत काहीतरी दे. मी दिली किनार फाडून, आणि मग दोन दिवस बोलले नाही."

"वहिनी, कशासाठी बांधली?"

"डबा घेऊन जायची मी गिरणीत. पावसाळ्याआधी हे आवार सारखं करायचे, मी मडगार्डवर बसून बघायची. हे म्हणायचे, गंगे, ही आतली दांडी शहाणी आहे. जमीन जड लागली की आपणच पातं उचलते. नांगरणीला चांगली, नांगर अडकत नाही. पण मला नांगरायचं नाही, मला अंगण करायचंय. म्हणून हिला पार वर नेऊन बांधून टाकायची. ही बाहेरची मुकी. ठेवाल तिथे राहते. काम मुकीकडून करून घ्यायचं."

धम्मपालने कपाळावर हात मारला.

मी म्हटलं, "वहिनी, हे तुम्ही आधी..."

"बुधवारी सांगत होते. तुम्ही म्हणालात, मागाहून."

टोमणा नव्हता हो. ती फक्त घडलं ते सांगत होती. टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पहिल्या रांगेत बसून आयुष्यभर ऐकणारा माणूस मी, आणि दहा पावलांवरून कोणी बोललं ते ऐकलं नाही.

"आता मागाहूनच झालंय," गंगुबाई म्हणाली. "चला, पाच वाजायला आले." आणि पदराने हात पुसून तिने चाळीत कोणी कधी पाहिलं नव्हतं ते केलं. ती मडगार्डवर चढून बसली.

धम्मपालने आतली दांडी वर ओढून नायलॉनच्या दोरीने बांधली. निलेश बसला. गंगुबाईने सूचना द्यायला सुरुवात केली, आणि ती बाई एवढं बोलू शकते हे आम्हाला तेव्हा कळलं. "पहिला गिअर. पळवू नको, बस नाही ती. बाहेरची दांडी हळू, टेकली की सोड. सोड म्हणते ना! हात काढ तिच्यावरून. लाटांवर सरळ जाऊ नको रे, तिरका घे, तिरका. आता उलट्या बाजूने तिरका."

पातं या वेळी उठलं नाही. उंचवटा आला, पात्याने त्याचं डोकं कापलं, माती पुढे लोटत नेली आणि खड्डा आला तिथे निमूट सोडली. पोती लागली नाहीत. ब्याण्णव किलो लागले नाहीत. सहा फेऱ्यांत एक पट्टा तयार झाला, सहा फूट रुंद, तीस-एक फूट लांब. मी त्यावर लक्ष्मीची परात ठेवून तिच्यात पाणी ओतलं. पाणी कुठल्याच बाजूला झुकलं नाही.

"आता दुसरा पट्टा!" निलेश ओरडला. आणि तेवढ्यात फाटकातून कार्यालयाचा माणूस आला. हातात फूटपट्टी. घड्याळ दाखवून म्हणाला, "सहा." मी हात जोडले, राधाबाईंचं वय सांगितलं, रामाचं नाव घेतलं. तो म्हणाला, "काका, मीपण रामाचाच आहे. पण सहा." मग तो बाकीच्या मैदानात फिरला, लाटांच्या तळाशी फूटपट्टी धरली, आणि वहीत काहीतरी लिहिलं. साडेचार इंच. खोदकाम. त्याची नोटीस अजून माझ्या कपाटात आहे.

शुक्रवारी बाई आल्या. टॅक्सीतून उतरून फाटकात थांबल्या आणि मैदान पाहिलं. चोहोकडे लाटा, आणि मध्ये एक पट्टा. काठीच्या टोकाने त्यांनी तो पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला, ठक, ठक. माझं काळीज त्या काठीखाली होतं. मग त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि पट्ट्यावर उभ्या राहिल्या. काठीशिवाय.

श्रोते लाटांवर बसले. एकाचं डोकं वर, शेजाऱ्याचं खाली. खुर्च्या घेऊन आलेले ज्येष्ठ नागरिक हळूहळू एकमेकांकडे घसरत होते. समितीचे अध्यक्ष खड्ड्यात बसल्यामुळे दिसतच नव्हते, हा एक फायदा.

वीणा गळ्यात घालण्यापूर्वी बाईंनी विचारलं, "एवढी सुंदर जागा कोणी केली रे?"

समितीने मला पुढे ढकललं. अध्यक्ष खड्ड्यातून म्हणाले, "आमचे कोयंडे!" टाळ्या पडल्या. खरं सांगतो, दोन दिवसांनी पहिल्यांदाच कोणी माझ्याकडे पाहून हसत नव्हतं. तोंडातून "मी" हे अक्षर निघायच्या बेतात होतं. समोर गंगुबाई बसली होती, नेहमीसारखी शेवटच्या रांगेत, दाराला टेकून.

"शिवाने केली, बाई," मी म्हटलं. "शिवा राऊळने."

"कुठेय तो?"

"पाच वर्षं झाली जाऊन."

बाईंनी हातातली वीणा खाली ठेवली. मग मलाच म्हणाल्या, "सांग सगळं." आणि मी, जो आयुष्यभर ऐकत आला, त्याने पहिल्यांदा सांगितलं. शेंदूर सांगितला, चिंधी सांगितली, "मागाहून" सांगितलं. बाईंनी ऐकलं. मी इतकी वर्षं ऐकतो तसं नाही, खरं ऐकलं. मग तबकातला बुक्का घेऊन त्या पट्ट्यावरून चालत टोकापर्यंत गेल्या. पुढे लाटा होत्या, म्हणून गंगुबाईलाच हाक मारली, हात धरून तिला पट्ट्यावर घेतलं, तिच्या कपाळी बुक्का लावला, आणि आपल्या शेजारी बसवलं. बारा वाजता रामजन्म झाला तेव्हा बाई उडाल्या. दोन्ही पाय जमिनीवरून सुटले आणि दोन्ही जमिनीवर परत आले. मी डोळे मिटून घेतले होते. पाय टेकल्याचा आवाज ऐकला.

जाताना टॅक्सीत बसून त्यांनी माझ्याकडून काठी घेतली. "झालं अनंता. आता पुढच्या वर्षी नाही हो."

मैदान आजही तसंच आहे. खोदकामाच्या खिडकीत माझी फाईल आहे; दुरुस्तीची परवानगी हवी तर आधी झालेलं खोदकाम अधिकृत करून घ्या म्हणतात. पट्टाही आता राहिला नाही, विसर्जनाच्या गाड्या त्यावरूनच गेल्या. पुढच्या रामनवमीला कोणी उभं राहणार नाही. मी आहे, लाटा आहेत आणि हमीपत्र आहे.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी लालबाग-काळाचौकीकडे विसर्जनाला आलात आणि मूर्तीच्या पुढे एक म्हातारा ट्रॅक्टर धापा टाकत गेला, तर मूर्तीला हात जोडाल ते जोडाच. पण मग जरा उजव्या बाजूला, चालवणाऱ्याच्या गुडघ्यापाशी बघा. तिथे दोन दांड्या आहेत. शेंदूर आता फक्त बाहेरच्या दांडीला लागतो, बोटभर. आतली वर ओढून बांधलेली असते, हिरव्या किनारीने. गंगुबाईने पुन्हा एक साडी फाडली. ती दिसली की शिवा राऊळचं नाव घ्या.